धाकटीकडची टोकं

नोंदीत

अपील अधिकारी: दुखापत कुठे झाली?
अर्जदार: खांद्याला.
अधिकारी: कोणत्या जागी, असं विचारतेय मी.
अर्जदार: कामावर. धुलाईच्या यंत्रापाशी. ओल्या चादरी एकमेकींना पीळ घालून बसतात, मॅडम. मी एक ओढली, ती निघेना. जोर लावला. उजव्या खांद्यात काहीतरी फाटल्यासारखं झालं.
अधिकारी: तेव्हा कोणाला सांगितलं?
अर्जदार: (उत्तर नाही)

नोंदीबाहेर

सांगितलं होतं. थोरल्या जावेला. ती हातभर अंतरावर उभी होती.

दोघी जावा एकाच लॉन्ड्रीत कामाला. इस्पितळांच्या आणि हॉटेलांच्या चादरी तिथे येतात, धुतल्या जातात, गरम रुळातून सपाट होऊन बाहेर पडतात. रुळाच्या तोंडाशी समोरासमोर उभं राहून घड्या घालायच्या, हे काम जोडीचंच. घरी दोघींचं मिठावरूनही वाजायचं, पण रुळापाशी एकमेकींकडे न बघता घडी जुळायची. "भांडायला उसंत मिळाली तर ना," असं थोरली म्हणायची.

त्या दिवशी धाकटी खांदा धरून खाली बसली, तेव्हा थोरलीने आधी मॅनेजरच्या केबिनच्या काचेकडे बघितलं.

"ऊठ," ती म्हणाली. "आज सांगितलंस तर उद्यापासून घरी बसवतील. माझ्यासमोर कोणीतरी नवी आणून उभी करतील. मला नको नवी."

"हात वर जात नाहीये, जाऊबाई."

"नको नेऊस वर. तू फक्त टोकं धर. कमरेपाशी. बाकीचं माझ्यावर सोड."

आणि तिने ते खरंच स्वतःवर घेतलं. झटका द्यायचा तिने. चालत पुढे यायचं तिने. धाकटीच्या चिमटीतली टोकं काढून घ्यायची तिने, आणि वाकून खालची घडी उचलायची तीही तिनेच. धाकटी नुसती उभी. लांबून बघणाऱ्याला मात्र दोन बायका झपाझप घड्या घालताना दिसायच्या.

महिने गेले. खांदा आपोआप बरा होईल असं दोघींना वाटत होतं. तो आवळत गेला. एका सकाळी धाकटीला स्वतःची वेणी घालता येईना. तेव्हा कुठे तिने इलाजाच्या खर्चासाठी कामावरच्या दुखापतीचा दावा लावला.

नोंदीत

अधिकारी: दावा नाकारल्याचं कारण वाचा.
टायपिस्ट: "कथित घटनेनंतर सदर कामगाराने कित्येक महिने पूर्ण क्षमतेने काम केल्याचे दिसते. सबब खांद्याची दुखापत कामावर झाली असे मानता येत नाही."
मॅनेजर: मी रोज डोळ्यांनी बघत होतो. ह्यांचा गठ्ठा कधी कमी पडला नाही. आमच्याकडची सगळ्यात चांगली जोडी.
अधिकारी: अर्जदाराचं यावर म्हणणं?
अर्जदार: साक्षीदार येणार आहे.
अधिकारी: कुठे आहे?
अर्जदार: येईल.

नोंदीबाहेर

येईल की नाही, हे धाकटीला माहीत नव्हतं.

दावा नाकारल्याचं कळलं तेव्हा तिने हातच टेकले होते. नवरा तिला संघटनेच्या खोलीवर घेऊन गेला. तिथे अपिलांचं बघणारे एक काका होते. गोदामात हमाल होते, पाठ गेली, स्वतःचं अपील लढता लढता दुसऱ्यांची लढायला लागले.

"नाकारलं म्हणजे संपलं नाही," काका म्हणाले. "फक्त मुदत चुकवायची नाही. ती गेली की मी गेलो, तू गेलीस, सगळेच गेलो. आधी अपील लेखी द्यायचं, पोच घ्यायची. मग त्यांच्याकडच्या सगळ्या कागदांच्या नकला मागायच्या, तो आपला हक्क आहे. आणि मग?"

"मग रडायचं," धाकटी म्हणाली.

"ते घरी. इथे त्यांनी जे कारण दिलंय, तेवढ्यालाच उत्तर द्यायचं. बाकी दुखणीखुपणी सांगत बसायची नाहीत. ते म्हणतात, तू काम करत होतीस. करत होतीस?"

धाकटीने नकारार्थी मान हलवली.

"मग कोण करत होतं?"

तपासणी करून डॉक्टरांनी लिहून दिलं की अशी इजा जोराने ओढल्याने होते. पण काय ओढल्याने, कुठे, हे ते तरी कसं सांगणार? ते सांगू शकणारं एकच माणूस होतं, आणि ते स्वयंपाकघरात पाठमोरं उभं राहून भांडी घासत होतं.

"जाऊबाई, काका म्हणत होते..."

"रात्री भाऊजींना सांगत होतीस ते ऐकलं मी. भिंती पातळ आहेत."

"तुम्ही आलात तर..."

"तर मॅनेजर विचारेल, एकीचं काम दोघींच्या नावावर कोणी लावलं. काय सांगू? भुताने?" थोरलीने पातेलं उपडं घातलं. "काल केबिनमध्ये बोलावलं होतं त्याने. बस म्हणाला, चहा दिला. नोकरीला किती वर्षं झाली, विचारत होता. जसं काही त्याला ठाऊकच नाही."

धाकटीने डाव्या हाताने पातेलं पुसून फळीवर ठेवलं. दावा मंजूर झाल्याशिवाय खांद्याची शस्त्रक्रिया परवडणार नव्हती, आणि ती झाली नाही तर हात जन्मभर असाच. हे घरात सगळ्यांना कळत होतं, म्हणूनच ते कोणी बोलत नव्हतं.

सुनावणीच्या दिवशी थोरली रोजच्यासारखा डबा भरून कामाला निघून गेली. दार ओढून घेताना तिने मागे बघितलं नाही.

नोंदीत

अधिकारी: आणखी थांबता येणार नाही.
अर्जदार: थोडंच, मॅडम.
मॅनेजर: साक्षीदार बाई कामावर आहेत. मी निघताना बघून आलो.
काका: बघून आलात की बजावून आलात?
अधिकारी: हे घेऊ नका.
टायपिस्ट: घेतलं गेलं, मॅडम.

नोंदीबाहेर

अधिकारी बाईंनी पेनाला टोपण लावलं. तेवढ्यात दार उघडलं.

थोरली. अंगात लॉन्ड्रीचा एप्रन, काखेत पिशवी, श्वास लागलेला. ती धाकटीकडे न बघता थेट मोकळ्या खुर्चीत बसली. मॅनेजरकडे मात्र नीट बघितलं.

"बस मिळेना," ती म्हणाली.

नोंदीत

साक्षीदार: ती नुसती टोकं धरायची. बाकी सगळं मी.
मॅनेजर: त्या वेगाने एकट्या बाईला जमणारच नाही. माझे डोळे काय फुटले होते?
साक्षीदार: तसं मी कुठे म्हणतेय.
अधिकारी: करून दाखवता येईल?
साक्षीदार: म्हणून तर चादर आणलीय. बाद झालेली आहे, मॅडम, चिंध्यांच्या ढिगातली. चोरीची नाही.

नोंदीबाहेर

टेबल भिंतीला सरकवलं. दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या. धाकटीने कमरेपाशी टोकं धरली. थोरलीने झटका दिला, पुढे आली, टोकं घेतली, वाकली, उचलली, मागे गेली, पुन्हा आली. कोणाला काही उमजायच्या आत चादरीचा चौकोन तिच्या हातावर होता.



"बघा," मॅनेजर म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच तसं दिसलं होतं. "दोघी घालतायत."

अधिकारी बाई ओशाळून म्हणाल्या, "मलाही दोघी काम करताना दिसल्या."

काकांनी डोळे मिटून घेतले. कोणाला दिसू नये म्हणून दोघींनी जे इतके महिने घोटून घोटून पक्कं केलं होतं, ते इथेही कोणाला दिसलं नाही.

थोरली हातावरच्या चौकोनाकडे बघत राहिली. मग तिने चादर पुन्हा उलगडली.

"धर."

"परत?"

"धर. आता मी तुझं काही करणार नाही. फक्त माझी बाजू."

धाकटीला कळलं. तिने टोकं धरली.

थोरलीने तिच्याकडची टोकं खांद्याच्या उंचीला नेली आणि तिथेच थांबली. चादर दोघींच्या मध्ये उतरणीसारखी लोंबत राहिली.

"वर घे," थोरली म्हणाली. आवाज परक्या बाईचा.

धाकटीने हात उचलला. तो छातीपर्यंत आला आणि अडला. कपाळावर घाम फुटला. समोर थोरलीचं पाऊल सवयीने पुढे पडलं, आणि तिने ते ओढून मागे नेलं.

"घे ना. थांबलीस का?"

"होत नाही."

"मग झटक."

"जाऊबाई..."

"झटक म्हणते ना."

धाकटीने झटकली. तिच्या तोंडून एक आवाज निघाला, जो तिने घरातही कधी बाहेर पडू दिला नव्हता. टोकं सुटली. चादर तिच्या पायांवर कोसळली.

थोरलीची टोकं अजून खांद्यापाशीच होती. ती वाकली नाही. बोटांची पेरं पांढरी पडली होती, पण ती वाकली नाही.

नोंदीत

अधिकारी: लिहा. अर्जदाराचा हात छातीच्या वर गेला नाही. चादर पडली. साक्षीदाराने मदत केली नाही.
साक्षीदार: 'केली नाही' असं नका लिहू, मॅडम.
अधिकारी: मग काय लिहू?
साक्षीदार: (पडलेली चादर उचलून पिशवीत कोंबते)
मॅनेजर: मग इतके महिने हिच्या नावावर खोटं काम कोणी लावलं?
साक्षीदार: मी. तिने नाही.
अधिकारी: तो या अपिलाचा विषय नाही.
मॅनेजर: आमचा आहे.
अधिकारी: असेल. आधीचा निर्णय रद्द. दुखापत कामावरच झाली, असं मी मानते. दावा मंजूर, शस्त्रक्रियेसकट. आदेश लेखी मिळेल.

नोंदीबाहेर

बाहेर आल्यावर काका आदेशाचं विचारायला चौकशीच्या खिडकीपाशी गेले. मॅनेजर बाजूने जाता जाता थोरलीला म्हणाला, "उद्या आधी केबिनमध्ये या."

"येते."

धाकटी तिच्या एप्रनची कड धरून उभी राहिली. "आता तुमचं काय?"

"माझं मी बघेन. आधी हे बघ, कसली कोंबलीय." थोरलीने पिशवीतून चादर ओढून काढली. "धर."

"चिंधीच तर आहे."

"म्हणून काय बोळा करून न्यायची? धर म्हणते."

धाकटीने कमरेपाशी टोकं धरली. थोरलीने झटका दिला, पुढे आली, टोकं घेतली, वाकली.

जिन्यावर मॅनेजर थबकून बघत होता.

"तो बघतोय," धाकटी पुटपुटली.

"बघू दे," थोरली म्हणाली आणि खालची घडी उचलली. "आता लिहून झालंय."