थोरातांची जागा

आधी पार्ल्यातलं दुकान गेलं, मग गाडी, मग स्टेशनाजवळचा फ्लॅट. श्यामकांत थोरातांच्या नावावर उरली ती एक कबर. वडिलांनी घेतलेली, पक्की, वर संगमरवरी लादी. आता कबर ही काय मिरवायची गोष्ट आहे? पण थोरात मिरवायचे. मुंबईत ख्रिस्ती माणसाला पुरायला जागा मिळणं सोपं नाही. कच्च्या कबरीत दोन-तीन वर्षं पडायचं, मग हाडं बाजूला सारतात आणि दुसरा पाहुणा आत येतो. आपलं तसं होणार नाही, हे थोरात कांदिवलीच्या भाड्याच्या खोलीत बसून ज्याला त्याला ऐकवायचे. लादीवर आईवडिलांची नावं कोरून घेताना त्यांनी स्वतःचंही नाव टाकून घेतलं होतं, जन्मसालासकट. प्रेमा, त्यांची बायको, तेव्हा म्हणाली होती, "जित्या माणसाचं कोण करतं हो असलं?" पण दुकान जोरात होतं, बायकोचं कोण ऐकतंय.

कांदिवलीला आल्यापासून थोरातांनी चर्च सोडलं होतं. जुने लोक भेटणार, गाडी कुठंय विचारणार, नको तो ताप. शेजारच्या राधाबाईंनी मात्र एकदा दार वाजवून सांगितलं, "भाऊ, बुधवारी आमच्याकडे प्रार्थना असते, या." काय करता, आधी कुठे होता, काही विचारलं नाही. थोरात गेले ते निव्वळ नाही म्हणायचा कंटाळा आला म्हणून. मग जात राहिले. प्रार्थनेच्या शेवटी राधाबाई डोळे मिटून एकेकाचं नाव घ्यायच्या आणि यांच्या वेळी म्हणायच्या, "प्रभू, आमच्या श्यामभावाला तू ओळखतोस." दर बुधवारी तेच.

त्या राधाबाई शुक्रवारी सकाळी गेल्या. दुपारी त्यांची मुलगी मानसी आणि त्यांच्या चर्चच्या पाळक अनुपमाबाई थोरातांच्या दारात उभ्या राहिल्या.

"काका, कच्च्या जागा भरल्यात," मानसी म्हणाली. "आईला पार शहराबाहेर न्यायला सांगतायत. मला तिथे जाणं जमणार नाही हो कधी."

अनुपमाबाईंनी सरळ सांगून टाकलं. "तुमच्या कबरीत राधाबाईंसाठी जागा मागायला आलोय, भाऊ. लादी सिमेंटात बसलीय. फोडावी लागेल. आणि एकदा माती दिली की काही वर्षं ती परत उघडता येणार नाही. नाही म्हणालात तरी मला राग नाही."

राग थोरातांना आला होता. सगळं गेलं, एवढं एक राहिलं, तर लोकांचा त्यावरही डोळा. ते उठून मोरीत गेले, तोंडावर पाणी मारलं आणि तिथेच भिंतीला टेकून उभे राहिले. दुकान सांभाळलं, दुकानापायी नाव सांभाळलं, आता मेल्यावरची जागा सांभाळत बसायचं? दमलो रे बाबा, ते देवाला म्हणाले. मोठी प्रार्थना त्यांना सुचली नाही. सुचलं ते राधाबाईंचं वाक्य. त्या बाईने दुकान पाहिलं नव्हतं, गाडी पाहिली नव्हती, तरी देवाला सांगायच्या की तू याला ओळखतोस. मग देव कोणाला ओळखत होता इतके दिवस? थोरातांना रडू आलं. पुन्हा तोंड धुऊन ते बाहेर आले.

"फोडा," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी घण बसला तो नेमका नावांवर. बघवत नव्हतं, तरी थोरात बघत राहिले. श्यामकांतचा श्याम एकीकडे, कांत दुसरीकडे, सगळं घमेल्यात भरून माणसं घेऊन गेली. राधाबाईंना खाली सोडलं. अनुपमाबाईंनी पुनरुत्थानाचं, मेलेल्यांना देव पुन्हा उठवील ते वाचन केलं, मानसीने मूठभर माती टाकली, मग थोरातांनी टाकली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्यांना हलकं वाटत होतं.

परतताना बसस्टॉपवर प्रेमा त्यांच्या शेजारी येऊन उभी राहिली. मग म्हणाली, "आणि मधेच तुमचं काही झालं तर? तुम्हाला कुठे ठेवायचं?"

"ठेव मिळेल तिथे," थोरात म्हणाले. "ज्याला मला उठवायचंय, तो काय पाटी वाचत येणार आहे?"