मागच्या बाकावरची बाई

सरावाला आलेल्या नव्या शिक्षिका दर वर्षी बाईंच्याच गळ्यात पडायच्या. "तुमच्यासारखं कोण शिकवणार त्यांना?" असं म्हणून मुख्याध्यापक मोकळे व्हायचे. घरी अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई, शाळेत सहावीचा वर्ग आणि वर हे. बाईंच्या अंगात आता त्राण म्हणून उरलं नव्हतं.

यंदा आलेली मुलगी चणीनं लहान, आवाजानं त्याहून लहान. पहिल्याच दिवशी पोरांनी तिचं नाव ठेवलं, चिमणी.

चिमणीनं अपूर्णांक शिकवायला घेतले. कागदाची गोल चकती घडी घालून फाडायची होती. ती वेडीवाकडी फाटली. "ऐकू येत नाही!" कुणीतरी ओरडलं आणि वर्गाचा बाजार झाला. मागच्या बाकावर बसलेल्या बाई सवयीनं उठल्या. एकदाच आवाज चढवला. वर्ग चिडीचूप.

पण मग तास संपेपर्यंत पोरं मान वळवून बाईंकडेच बघत राहिली. फळ्यापाशी कोण बोलतंय, याच्याशी कुणाला देणंघेणं नव्हतं.

मधल्या सुट्टीत चिमणी शिक्षकांच्या खोलीत आली. डोळे लाल. "मॅडम, रागावणार नसाल तर एक बोलू?"

"बोल."

"उद्या तुम्ही वर्गात बसू नका."

बाईंना ते लागलं. इतकी वर्षं लोक त्यांना 'बसा' म्हणून गळ घालत आले होते. तोंडाशी चार शब्द आले, पण भांडायलाही अंगात जोर लागतो. "बरं," एवढंच त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्या व्हरांड्यात खांबाला टेकून उभ्या राहिल्या. आत हलकल्लोळ. बाक सरकत होते, कुणीतरी शीळ घातली. बाईंचे पाय दाराकडे ओढ घेत होते. तेवढ्यात मुख्याध्यापक तावातावानं आले. "अहो, छप्पर उडेल! आत जा की!"

"राहू द्या सर."

"म्हणजे?"

"काय व्हायचं ते होऊ दे. बोल लावायचा तर मला लावा."

ते पुटपुटत निघून गेले. बाईंनी खिडकीतून डोकावलं. चिमणी ओरडत नव्हती. तिनं फळा सोडला होता. एकेका बाकापाशी जाऊन ती कागद ठेवत होती, वाकून काहीतरी विचारत होती. ती जिथं पोचे, तिथला गोंगाट खाली बसे. ती पुढं गेली की मागचा बाक पुन्हा उसळे. पण दर फेरीला जरा कमीच. शेवटी सगळ्यांच्या हातात कागदाचे तुकडे होते आणि "माझा पाव मोठा की तुझा?" यावरून भांडणं जुंपली होती. ती भांडणं अपूर्णांकांची होती.

तेवढ्यात घंटा झाली.

चिमणी बाहेर आली ती घामाघूम, पार पिळून निघालेली. "अर्धाच पाठ झाला, मॅडम."

"माझेही कित्येकदा अर्धेच होतात गं," बाई म्हणाल्या, "फक्त माझ्या वर्गात ते कळत नाही. सगळे गप्प असतात ना."

चिमणीला हसू आलं, पण हसायला बळ नव्हतं. ती जिन्याच्या पायरीवर मटकन बसली. गुडघ्यावर हात टेकत बाईही शेजारी टेकल्या.

"उद्या उरलेला घे," त्या म्हणाल्या. "मी खोलीतच असेन. लागले तर हाक मार."