सायकलपुढे आलेली घेरी

पळसदरीला दामूबुवाच्या मांडवात त्या मंगळवारी पाय ठेवायला जागा नव्हती. कळंबची गंगाबाई देवीपुढे चांगला अर्धा तास पालथी पडून होती. "आई सोडतेय... हळू... हळू..." असं घुमत बुवाने तिला आधी बसवलं, बसल्या जागी अंगारा लावला, पाणी पाजलं आणि मग हात धरून उभं केलं. नवल म्हणजे गंगाबाईला घेरी आली नाही. बायांनी भराभरा हात जोडले.

ही घेरी महिनाभराची. रक्तदाबाच्या गोळ्या सुरू झाल्या आणि विहारात वंदनेला तीनदा डोकं टेकून उठताना तिच्या डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली. "छप्पन साली आमी मरीआय नदीत सोडली, तीच मला बुद्धापुढं उठू देत नाय," असं तिनं मनाशी घेतलं. बुवाला आयतंच सापडलं.

"आई कोपलीय. वंदना बंद, गोळ्या बंद. पुढच्या मंगळवारी कोंबडी घेऊन ये," तो म्हणाला. या आईचा राग कोंबडीशिवाय उतरल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही!

पण गंगाबाईची थोरली बहीण पुतळाबाई याच दाबापायी लकवा होऊन अंथरुणाला खिळली होती. गोळी सोडावी तर तिची गत, घ्यावी तर देवीचा कोप. बुधवारी सकाळी गंगाबाईनं भीत भीत गोळी गिळली आणि रडत बसली.

दुपारी दाब मोजायला चंद्रभागा नर्सबाई सायकलवरून आल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"मावशी, वंदनेला टेकता तसं माझ्या सायकलपुढं टेका. आन् झटकन उठा."

"येडी झालीस का गं?"

"टेका तर खरं."

गंगाबाई टेकली, उठली आणि अशी झोकांडली की नर्सबाईंनीच सावरलं.

"सायकलीत कंची देवी बसलीय, मावशी?"

मग नर्सबाईंनी तिला पुन्हा टेकायला लावलं. आधी बसवलं, पाय हलवायला सांगितले, दोन मिनिटांनी खांब धरून उठवलं. घेरी आली नाही.

"गोळीनं दाब उतरतो. झटकन उठलं की रक्त पायाकडं राहतं, डोक्याला कमी पडतं. बुवा तुम्हांला हळू उठवतो, बाकी सगळा तमाशा. पन डॉक्टरला घेरीचं सांगा, ते गोळी बदलून बघतील. आपल्या मनानं सोडायची नाय."

पुढच्या मंगळवारी गंगाबाई मांडवात गेली, कोंबडीशिवाय. देवीपुढे पालथी पडली, नि बुवा हात धरायला आला तसा तिनं त्याचा हात बाजूला सारला. सावकाश बसली, पाय हलवले, दम घेतला आणि कुणाचा आधार न घेता उभी राहिली.

"बायांनो, हे घरी करून बघा," ती म्हणाली. "कुनी सांगितलं म्हनून मानू नका, माझंबी नाय. आन् दाबाची गोळी बुवाच्या सांगन्यानं सोडू नका."

बुवा आईच्या कोपाचं काहीबाही ओरडत होता. तेवढ्यात मागच्या अंबूबाईनं कनवटीची पुडी सोडली. आतल्या गोळ्या तशाच होत्या.

"मलाबी यानंच सोडायला लावल्या गं. चार दिस झाले."

गंगाबाईनं तिचा हात धरला. "चल, आधी दवाखान्यात जाऊ."