गौरीचे हात

गुजरात राज्याला फूल आहे, पक्षी आहे, प्राणी आहे. आता एक रानफूलही हवं असं सरकारच्या मनात आलं, समिती नेमली गेली आणि बडोद्याच्या निजामपुऱ्यातल्या आमच्या घराची शांतता गेली. माझी बायको शलाका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. ती त्या समितीवर होती आणि तिने कळलावीचा हट्ट धरला होता. लालपिवळ्या पाकळ्यांचं हे फूल आमच्याकडे गौरीला लागतंच. आम्ही त्याला गौरीचे हात म्हणतो.

समितीच्या अटी ऐकून ऐकून मला पाठ झाल्या होत्या. फूल राज्यभर सापडायला हवं, पोरांना चितारता यायला हवं, कुठल्या पक्षाच्या झेंड्याची आठवण व्हायला नको. कुणीतरी तर ते तमिळनाडूचं राज्यफूल आहे असाही खोडा घातला होता. बाईसाहेब त्यालाही पुरून उरल्या.

गौरी गेल्यानंतरच्या एकादशीला दुपारी शेवटची बैठक होती, घरूनच, कॉम्प्युटरवर. माझी सुट्टी होती. आतल्या खोलीतून अध्यक्षांचा आवाज येत होता. हे प्रतापसिंह बडोद्याचेच, त्यामुळे दोघांचं मराठीत चाललं होतं.

"मॅडम, याचा कंद विषारी असतो म्हणतात. एकदा ठरलं की शाळाशाळांतून लावायचंय."

शलाका हसली. "अहो, फूल बघायला लावतात. कंद खणून कोण खातंय?"

तेवढ्यात आमची लेक संयोगिता स्वयंपाकघरातून बशी घेऊन बाहेर आली. बशीत उकडलेल्या रताळ्याचे काप होते आणि एक तोंडात होता.  गौरीसाठी आणलेले कळलावीचे वेल यंदा मुळासकट उपटून आले होते. ते कंद परत लावायचे म्हणून शलाकाने कापडी पिशवीत घालून ओट्याखाली ठेवले होते, रताळ्यांच्या टोपलीला लागून. मी नंदेसरीत केमिकलच्या कारखान्यात आहे. तिथे असल्या मालाच्या पिंपावर कवटी रंगवलेली असते.

"आई, ओट्याखालची पिशवी कुठाय?" मी स्वयंपाकघराकडे वळून ओरडलो.

"रिकामी पडली होती, धुऊन वाळत घातली," आई म्हणाली.

"आणि आतले कंद?"

"मला काय ठाऊक? मी टोपलीत होतं ते सगळं उकडलं. असा काय बघतोस रे?"

मी पोरीचा जबडा धरला आणि तोंडात बोट घालून घास बाहेर काढला. ती किंचाळली. शलाका बैठक तशीच सोडून धावत आली. दोरीवरची पिशवी दिसताच तिचा चेहरा पांढराफटक पडला. ती पोरीसमोर गुडघ्यांवर बसली.

"संयू, गौरीचे कंद कुठे आहेत? खरं सांग, मी रागावणार नाही."

"कोमलला दिले," संयू हुंदके देत म्हणाली. "सकाळी शाळेत. याच्यातून गौरीचे हात उगवतात असं सांगितलं मी तिला."

माझ्या जिवात जीव आला. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला कोमल, संयूची वर्गमैत्रीण, आठवलीच नाही. आपली पोर वाचली, बस्स. शलाकाला मात्र आठवली.

"ते विष असतं म्हणून सांगितलंस का तिला?"

"तू मला कुठे सांगितलं होतंस?"

कोमलच्या आईचा फोन नुसता वाजत राहिला. आम्ही स्कूटर काढली. त्यांचं घर पाणीगेटला, म्हणजे अख्खं बडोदं ओलांडायचं, आणि रस्त्यात सगळ्या जगाला आजच काम निघालेलं. मागे बसून शलाका पुन्हा पुन्हा फोन लावत होती.

"समरजित, आधी काहीच होत नाही रे. पोर खेळत असते. काही तासांनी ओकाऱ्या सुरू होतात आणि मग..."

"गप्प बस," मी ओरडलो. 

जिन्यातच कुकरची शिट्टी ऐकू आली. दार कोमलच्या आईने, शालिनीबेननेच उघडलं. "आवो आवो! फोन चार्जिंगमां हतो. कोमल गौरीमातानो प्रसाद लावी ने! आजे अगियारस, एटले बटाका साथे बाफवा मूक्यो. प्रसाद नखाय थोडो?" गौरीचा प्रसाद टाकवत नाही म्हणून तिने बटाट्यांबरोबर कंदही कुकरला लावले होते.

शलाका तिला जवळजवळ ढकलून आत शिरली आणि गॅस बंद केला. "कोईए खाधुं? कोईए पण?"

"ना रे, हजी तो कुकर पण नथी खोल्यो. शुं थयुं, बेन?"

कुणी काही खाल्लं नव्हतं. शलाका ओट्याला टेकून खाली बसली आणि रडू लागली. मी शालिनीबेनला कंद विषारी असल्याचं सांगू लागलो. तेवढ्यात शलाकाचा फोन वाजला. तिने स्पीकर लावून तो फरशीवर ठेवला.

"कुठे गायब झालात मॅडम?" प्रतापसिंह खुशीत होते. "अभिनंदन! कळलावी ठरली. कंदाच्या आक्षेपाला तुमचंच वाक्य घातलंय ठरावात. कंद खणून कोण खातंय?"

शलाकाने डोळे पुसले. समोर कोमल मांडी घालून बसली होती.

"नाव लिहून घ्या," शलाका म्हणाली. "कोमल. दुसरीत आहे. माझ्यासमोर रिकामी ताटली घेऊन बसली आहे."