लालच्या आधी राखाडी

पलंगासमोरची भिंत लाल करायची, असं बाईंनी सांगितलं तेव्हा रंगाऱ्याने आधी भिंतीकडे पाहिलं, मग पलंगावर पडलेल्या साहेबांकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "साहेबांना चालेल?"

"त्यांना आता सगळं चालतं," बाई म्हणाल्या.

साहेबांनी दोनदा डोळे मिटले. पुन्हा दोनदा. पुन्हा दोनदा.

"धुळीने होतं त्यांना तसं," बाई म्हणाल्या आणि खिडकी लावून घेतली.

साहेब म्हणजे कुणी ऐरेगैरे नव्हते. लोकांची घरं सजवून देणारे नावाजलेले इंटिरिअर डिझायनर. त्यांची सगळी घरं पांढरी. पांढऱ्या भिंती, पांढरे पडदे, आणि फारच लाडात आले तर कोपऱ्यात एखादी राखाडी खुर्ची. लाल रंगावर तर त्यांचा पहिल्यापासून दात. "लाल भिंत म्हणजे घरात बसून आरडाओरडा," असं ते म्हणायचे आणि ऐकणारे माना डोलवायचे. लग्न होऊन आल्या तेव्हा बाईंनी सोबत एक लाल पलंगपोस आणला होता, आईने हाताने शिवलेला. साहेबांनी तो फाडून खिडक्या पुसायला काढला. वर पाहुण्यांना हसत हसत सांगितलं, "आमच्या हिला मिठाचं विचारा, रंगाचं विचारू नका. हिची नजर बाजारातली आहे." पाहुणे हसले. बाईही हसल्या. चारचौघांत नवऱ्याने पाणउतारा केला की आपणही हसायचं असतं, एवढं त्या लग्नाच्या पहिल्याच वर्षी शिकल्या. पुढे पाहुणे बदलत गेले, विनोद तोच राहिला.

मग एका सकाळी दाढी करता करता साहेब कोसळले. मेंदूतली शीर फुटली होती. हातपाय गेले, वाचा गेली, मानसुद्धा वळेना. उरले फक्त डोळे आणि पापण्या. दवाखान्यातल्या नर्सने जाताना एक खूण शिकवली होती: एकदा डोळे मिटले की हो, दोनदा मिटले की नाही. घरी ही खूण दोघांनाच ठाऊक. लेक लांबच्या शहरात राहायची. ती दवाखान्यात येऊन गेली होती, पण तेव्हा बाबा शुद्धीवर नव्हते.

खरं सांगायचं तर सुरुवातीला बाईंच्या मनात काही वाकडं नव्हतं. त्या भरवत होत्या, पुसत होत्या, कूस बदलत होत्या, पाठीला फोड येऊ नयेत म्हणून उशा लावत होत्या. एका दुपारी त्यांनी सहज विचारलं, "अहो, समोर एखादी लाल फुलांची कुंडी ठेवू का? तेवढंच बघायला बरं." साहेबांनी दोनदा डोळे मिटले. ठामपणे, जुन्या तोऱ्यात. बाईंनी हातातला चमचा वाटीत टाकला. माणसाला पाण्याचा घोट धड गिळता येत नाही, घाण मी काढते, आणि तरीही नाही! त्या दिवशी त्यांना जे वाटलं, त्याला राग हे नाव फार छोटं होतं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी रंगाऱ्याला बोलावलं.

रंगारी आपल्या कामाला पक्का. पांढऱ्यावर थेट लाल मारला तर तो गुलाबी, मळकट दिसतो, म्हणून लालखाली आधी राखाडी अस्तर द्यावं लागतं, असं तो बाईंना खोलीबाहेर म्हणाला. पलंग बाहेर काढायचा का, असंही विचारलं. बाई म्हणाल्या, "असू दे तिथेच. त्यांना कामं बघायची सवय आहे."

दुपारपर्यंत भिंत राखाडी झाली. शांत, मऊ, अगदी साहेबांच्या पसंतीची. लाल रंग कधीच न वापरलेले साहेब टक लावून बघत होते. सकाळपासून ताठलेला त्यांचा चेहरा हळूहळू सैलावला. ज्या बायकोला आयुष्यभर अडाणी म्हटलं, तिने शेवटी आपली लाज राखली, असंच त्यांना वाटलं असणार.

बाई पलंगाच्या कडेला बसल्या. "आवडला का हो रंग?"

साहेबांनी एकदा डोळे मिटले. उघडले तेव्हा त्यांत पाणी होतं. इतक्या वर्षांत साहेबांनी बायकोच्या निवडीला दिलेला तो पहिला होकार.

क्षणभर बाईंचं मन हललं. तिथेच थांबता आलं असतं. पण त्यांना तो खिडक्या पुसणारा लाल बोळा आठवला आणि मन पुन्हा जागेवर आलं.

"ताई, साहेब खूश दिसतात," रंगारी म्हणाला. "यावरच थांबायचं का?"

"छे," बाई नवऱ्याच्या डोळ्यांत बघत म्हणाल्या, "हे नुसतं अस्तर आहे."

लाल रंग एका हातात बसत नाही. पहिल्या हाताला भिंतीवर ओरखाडे उमटल्यासारखे पट्टे दिसत होते. आयुष्यभर कामगारांच्या चुका काढलेल्या साहेबांना ते नुसते पट्टे बघत पडून राहावं लागलं. "सावकाश होऊ दे, रोज एकच हात मार," बाईंनी रंगाऱ्याला सांगितलं. मान वळवता येत नव्हती, म्हणून साहेबांनी डोळेच घट्ट मिटून घेतले. बाई वाकल्या आणि कानाशी म्हणाल्या, "मिटलेत? म्हणजे हो म्हणताय. मला वाटलंच होतं आवडेल म्हणून."

साहेबांनी झटकन डोळे उघडले. समोर भिंत होती.

रंग बसला तेव्हा तो खरोखर देखणा होता, हे कुणीही कबूल केलं असतं. दुपारचं ऊन पडलं की पांढऱ्या चादरीवर, उशीवर, साहेबांच्या गालांवर लाली चढायची. बाई चहा घेऊन तिथेच बसायच्या. आपल्या घरात आपण आहोत, असं त्यांना पहिल्यांदाच वाटत होतं.

मग लेक आली. दारातच थबकली. "आई! हे काय केलंस? बाबांना लाल रंग डोळ्यांसमोर नको असायचा!"

"त्यांनाच विचार की," आई म्हणाली. "डोळ्यांनी उत्तर देतात ते."

लेक पलंगाशी बसली, बाबांचा हात हातात घेतला. "बाबा, आवडली का तुम्हाला ही भिंत?"

साहेबांनी दोनदा डोळे मिटले. एवढ्या दिवसांनी विचारणारं कुणी भेटलं होतं. त्यांनी पुन्हा दोनदा मिटले, लेकीला समजेल अशा बेताने, अगदी सावकाश.

"दोनदा म्हणजे काय गं?"

"दोनदा म्हणजे हो," आई म्हणाली. "एकदा म्हणजे नाही."

लेकीचा चेहरा फुलला. "बाबा! किती बदललात हो तुम्ही!" तिने त्यांचा हात गालाला लावला. साहेबांचे डोळे बायकोकडे वळले आणि तिथेच खिळले. बाईंनी चहाचा कप तोंडाला लावला.

"आणि काही दुखतंय का बाबा कुठे?"

सकाळी कूस बदलताना बाईंनी पाठीवरचा फोड पाहिला होता. चिघळला होता, आत लाल झाला होता. डॉक्टरांना बोलवायचं त्यांच्या मनात होतंच.

साहेबांनी एकदा डोळे मिटले. घट्ट, इतके घट्ट की कपाळावर आठ्या पडल्या. मग उघडले आणि लेकीकडे बघत राहिले.

"एकदा! म्हणजे नाही ना, आई?"

आता खरी खूण सांगायची तर भिंतीचंही सांगावं लागणार होतं. दोन वाक्यांचं काम. बाईंनी भिंतीकडे पाहिलं. ऊन चढत होतं आणि लाल रंग नुकता कुठे खुलत होता.

"नाही गं," त्या म्हणाल्या. "दुखत असतं तर दोनदा मिटले असते."

"मग ही उशी कशाला उगाच पाठीखाली, अवघडले असतील," असं म्हणत लेकीने उशी ओढून काढली आणि बाबांना पाठीवर नीट सरळ केलं, भिंत पूर्ण दिसेल असं.