फ्लशच्या टाकीतली वीट

मित्रांनो, मी एक जुनी लाल वीट आहे. कोरियातल्या इंचॉन शहरात एका दुमजली घराच्या गच्चीवर किमचीच्या, म्हणजे कोबीच्या तिखट लोणच्याच्या, रांजणांशेजारी पडून असते. माझं नेमकं काय चुकलं ते मला अजून कळलेलं नाही. तुम्हाला कळलं तर बघा.

भट्टीतून निघाले तेव्हा वाटलं होतं, आपण भिंतीत जाणार. माझ्या सगळ्या बहिणी गेल्या. मी उरले आणि कित्येक वर्षं रांजणात कोबीवर वजन म्हणून बसले. मग घरमालकीण माल्सुनबाईंच्या नवऱ्याचा कारखाना बंद पडला. घरात काटकसर सुरू झाली. एके दिवशी बाईंनी मला उचललं आणि थेट वरच्या मजल्यावरच्या आपल्या न्हाणीघरात, संडासाच्या फ्लशच्या टाकीत बुडवलं. मी पुरती गोंधळले.

"जेवढी वीट, तेवढं पाणी दर खेपेला वाचणार," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

पुढचं बिल खरंच कमी आलं. बाई शेजारणींना बोलावून, झाकण काढून मला दाखवायच्या. मला बरं वाटायचं, पण मी तर नुसती बसून होते! हळूहळू झाकण उघडायचं सगळेच विसरले.

तीन वर्षांत मी झिजले. माझा चुरा रबरी झडपेखाली अडकला आणि पाणी दिवसभर झिरपू लागलं. बिल चढलं. घराला मीटर एकच, बिल माणशी वाटलं जाई. खाली गुम्जा मावशी एकट्या भाड्यानं राहायच्या. त्यांची मुलगी मिरान जिथं राहायची तिथं दहा खोल्यांत मिळून एकच न्हाणीघर, म्हणून ती दर रविवारी आईकडे आंघोळीला यायची.

"मावशी, खरं सांगा, मिरान इथंच राहायला आलीय ना?" बाईंनी एकदा विचारलंच.

"नाही गं. न्हाते, जेवते आणि जाते."

"मग एवढं पाणी काय भिंती पितात? दोन माणसांचं बिल द्या, नाहीतर तिला येऊ देऊ नका."

मावशींना ते परवडणारं नव्हतं. मिरान यायची बंद झाली. तरी बिल उतरेना. मला सांगावंसं वाटे, पण काय सांगणार? मी तर पाणी वाचवायला बसले होते.

हिवाळ्याच्या तोंडाशी दोघी दरवर्षीप्रमाणे किमची घालायला बसल्या, पण एकमेकींकडे न बघता. मीठ लावलेले कोबी बाईंच्या न्हाणीघरात धुऊन झाले. मावशींनी नळ बंद केला आणि तशाच बसून राहिल्या.

"नळ तर बंद केला मी. मग पाणी कुठं वाजतंय?"

बाईंनी झाकण काढलं, हात घालून मला बाहेर घेतलं. त्यांची बोटं लाल झाली. मावशींनी चुरा पुसला, प्लॅस्टिकची बाटली पाण्यानं भरून बूच घट्ट लावलं आणि माझ्या जागी ठेवली.

"मावशी, चुकलं माझं."

"ते राहू दे. मिरानला फोन तू कर. माझं ती ऐकायची नाही. आईला भुर्दंड नको म्हणून अडून बसलीय."

बाईंनी ओल्या हातानंच फोन लावला. "मिरान, रविवारी ये गं आंघोळीला. खाली नको, वर आमच्याकडेच ये. आमचं पाणी जास्त कढत असतं."

मित्रांनो, मी पाणी वाचवलं जास्त की घालवलं जास्त, मला अजून उमगत नाही. एवढंच मागते, कुणाला कामाला लावलंत तर अधूनमधून झाकण काढून बघत जा. आणि दुसऱ्याच्या घरातली माणसं मोजायला निघालात, तर त्याआधी जरूर बघा.