तळहातावरचं बदक

चैत्रातल्या सकाळी, ऊन कोवळं असताना आणि शीळफाट्याकडचा ट्रकांचा गडगडाट अंगात भिनण्याआधी, यमुनामावशीच्या गच्चीवरून दोन आवाज एकमेकांत मिसळून खाली येत. एक पाण्याची हलकी चुळबुळ, आणि दुसरा लग्नाचा धवला. निळ्या प्लास्टिकच्या टबात एक पांढरं बदक तरंगत असे, त्याच्या छातीखाली मावशीचा उजवा तळहात असे, आणि नवरीच्या कपाळी हळद टेकवताना जो सूर लावायचा, तोच सूर डोळे मिटून ती त्या बदकासाठी लावत असे. गाता गाता दुसऱ्या हाताच्या बोटांनी ती त्याचे पाय पाण्यातच हलवायची, एकदा डावा, एकदा उजवा. रस्त्यावरून जाणारी एखादी म्हातारी थबकून विचारी, "आज कोनाकडं लगीन हाय गो?" मावशी वरूनच सांगे, "माज्याकडं."

मी तिच्या धाकट्या बहिणीची मुलगी. डोंबिवलीच्या शाळेत मराठी शिकवते, आणि माझी जीभ तिखट आहे यावर माहेर आणि सासर या दोहोंचं एकमत आहे. तेव्हा पुढे जे सांगणार आहे त्यात गोडवा शोधू नका. आमच्या आगरी लग्नांत भटजी उशिरा आला तर चालतं, धवलारीण, म्हणजे लग्नाचे धवले गाणारी, उशिरा येऊन चालत नाही. देवांना आवतण देण्यापासून हळद उतरेपर्यंतचं सगळं तिच्या गळ्यातून होतं, आणि त्या पंचक्रोशीतला तो गळा मावशीचा होता. आवाज मधाळ वगैरे अजिबात नव्हता; पातळ, किंचित चिरका, पण एकदा लागला की मांडवातली कुजबूज आपोआप विरून जायची आणि नवऱ्यामुलाची आई पदर डोळ्यांना लावायची. ती गाताना समोर बघत नसे, आपल्या हाताकडे बघत असे. हळदीने माखलेला तो तळहात मी लहानपणापासून ओळखते.

तिच्या घरामागे पूर्वी भाताची खाचरं होती आणि खाचरांच्या टोकाला तळं. संध्याकाळी ती तळ्याच्या काठी उभी राहून जिभेने टकटक आवाज काढी आणि बदकं रांगेने घरी येत. तिरप्या उन्हात त्यांच्या ओल्या पाठी चकाकत. त्या तळ्याच्या जागी आता टॉवर आहे. टॉवरच्या नावात तळं आहे, इंग्रजीत. मुलांनी जमीन विकली आणि बंगला बांधला, पायरीपासून देवघरापर्यंत मार्बल घातला, वाकलं तर तोंड दिसावं असा. मावशी त्या फरशीवर पहिल्या दिवसापासून भिंतीला धरून चालत आली. "आई, घर तुझंच आहे, जरा मोकळी चाल की," असं जनूदादा, तिचा थोरला, पाहुण्यांसमोर म्हणे. ती भिंत सोडत नसे.

तळं बुजवायला डंपर आले तेव्हा बदकं ज्याला त्याला वाटून टाकली. काठच्या गवतात मागे राहिलेली अंडी मावशीने पदरात गोळा करून आणली आणि खुडूक कोंबडीखाली ठेवली. एकच फुटलं. तीच चंपा. कोंबडीने बिचारीने तिला आपल्या परीने वाढवलं, पण कोंबडी पिलाला पाण्यावर कशी नेणार! आणि घरच्यांनी लाड केले ते आमच्या लोकांच्या पद्धतीने, म्हणजे खाऊ घालून. चहात बुडवलेला पाव, तुपातला भात, हळदीकुंकवाची उरलेली शेव. माया करायची म्हणजे समोरच्याच्या तोंडात काहीतरी कोंबायचं, याच्यापलीकडे आम्हाला सुचत नाही.

चंपा मोठी झाली, जड झाली आणि तिचे पाय फाकू लागले. उठायला जाई तर दोन्ही पंजे दोन दिशांना सर्रकन निघून जात, छाती फरशीवर आपटे, मान एका बाजूला कलंडे आणि पंख उगाच फडफडत राहत. ओल्या पंजांचा गुळगुळीत दगडावर होणारा तो आवाज, करकर नाही आणि सरसरही नाही असा, अजून मला झोपेतून उठवतो. धाकटा किशोर हसून म्हणायचा, "चंपा आज सकाळीच टाकून आली." घर हसायचं. मावशी उठून तिला उचलायची, पोटाखालून तळहात घालून, तान्ह्या मुलाला न्हाऊ घालताना धरतात तसं.

शेवटी मी आणि ती रिक्षा करून ठाण्याला गेलो. वागळे इस्टेटच्या बाजूला पक्ष्यांचा एक डॉक्टर बसतो, त्याने चंपाचे पाय हळूच ओढून, वळवून पाहिले. पाव बंद, भात बंद. पायांना बळ यावं म्हणून भिजवलेल्या दाण्यात यीस्टची पूड कालवून द्यायची. गुळगुळीत फरशीवर सोडायचं नाही. आणि रोज पाण्यात धरून पाय चालवायचे, कारण पाण्यात अंगाचा भार पायांवर येत नाही. मग चष्मा काढून त्याने मावशीला नीट बजावलं, "आजी, हिला पाण्यात एकटं ठेवायचं नाही. लहानपणी पाणी मिळालं नाही, त्यामुळे पिसांना तेल लावून घ्यायची सवयच लागलेली नाही. पिसं भिजून जड होतात, आणि पायांत जोर नाही. ही बुडू शकते."

जेवताना मी हे घरात सांगितलं. जनूदादाला हसता हसता ठसका लागला. "बदक कधी बुडतं का?" किशोर म्हणाला, "मग मासापण बुडत असेल, ताई." जनूदादाची बायको सुरेखा, एरवी समंजस बाई, तीही पदराआड हसली. मला असा संताप आला म्हणून सांगू! पण मावशीच गालात हसली आणि म्हणाली, "मना बी पयलांदा हसूच आयलं." मग कोणाला काय बोलणार.

त्याच जेवणावर जनूदादाने अट घातली. वैशाखात त्याच्या मुलाचं लग्न होतं. हळदीला घरात पाय ठेवायला जागा उरणार नाही. तोवर बदक आपल्या पायांवर उभं राहिलं तर राहू दे, नाहीतर शहाडला ओळखीच्या फार्मवर देऊन टाकू. फार्मवर म्हणजे कशासाठी, हे त्या पंगतीतल्या प्रत्येकाला कळत होतं. मावशीने ताटावरून मान वर केली नाही. "उभी ऱ्हाईल," एवढंच म्हणाली.

त्या दिवसापासून त्या चकचकीत घरात गोणपाटांची एक वाट उगवली, चुलीपासून मागच्या दारापर्यंत. ओल्या तागाचा, बदकाच्या पिसांचा आणि यीस्टच्या आंबूस पुडीचा वास घरातल्या अत्तराच्या वासात मिसळला, आणि सुरेखावहिनी नाक मुरडत का होईना, ती गोणपाटं धुऊन वाळत घालू लागली. जुन्या लुगड्याची झोळी करून मावशी चंपाला तिच्यात पेलून धरे आणि त्या वाटेवरून चालवी, स्वतः कमरेत वाकून, एका हाताने भिंत धरून. सकाळी गच्चीवर टब आणि धवला. मांडव सोडून कुठेही धवला म्हणायचा नाही, असा तिचा स्वतःचा दंडक होता; तो तिने चंपासाठी मोडला. मी विचारलं तर म्हणाली, "गाताना माजा हात थरथरत नाय गो." खरंच थरथरत नसे.

आणि चंपा उभी राहिली. पळस झडून गेला होता, आंब्यांवर कैऱ्या लोंबत होत्या, अशा एका सकाळी ती झोळीबाहेर पडली, गोणपाटावर दोन्ही पंजे रोवून जरा डुलली, आणि मग वाकडीतिकडी का होईना, चालत दारापर्यंत गेली.  मावशीने भिंतीवरचा हात काढला आणि ती चंपाच्या मागोमाग घरातून मोकळी चालत गेली. जनूदादाने शब्द पाळला. "बरं, जिंकलीस तू. राहू दे," म्हणाला. तो वाईट माणूस नाही. त्या घरात वाईट माणूस कोणीच नाही, आणि मला सगळ्यात जास्त राग त्याचाच येतो. शिव्या घालायला कोणी सापडत नाही.

हळदीच्या दिवशी गोणपाटं उचलली, साहजिकच होतं. मावशीने गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत क्रेट ठेवून त्यात पेंढा पसरला, चंपाला नीट बसवलं आणि दुपारच्या मुहूर्ताला ती खाली आली. सख्ख्या नातवाची हळद. तिने गळा सोडला आणि शपथेवर सांगते, असा तिचा आवाज मी आजवर ऐकला नव्हता. त्यातला चिरकेपणाच नाहीसा झाला होता. देवांची नावं घेताना, पूर्वजांना आवतण देताना, बुजलेल्या तळ्याच्या आसरांना, त्या पाण्यातल्या देवतांना बोलावताना ती हसत होती, पिवळ्या तळहाताकडे बघून हसत होती. बाया रडत होत्या. मीही रडले, माझ्यासारखी बाई.

त्याच वेळी किशोर खुर्च्या आणायला गच्चीवर गेला होता. ऊन फिरलं होतं, टाकीची सावली सरकली होती आणि क्रेटमध्ये चंपा चोच उघडून धापा टाकत होती. त्याला दया आली. पाइप लावून त्याने टब काठोकाठ भरला, तिला उचलून अलगद पाण्यात सोडलं आणि खुर्च्या घेऊन तो खाली आला.

हळद लावून झाली आणि नवऱ्यामुलाच्या आंघोळीची तयारी होईतो जरा उसंत मिळाली. मूठभर भिजवलेले वाटाणे घेऊन मावशी वर गेली. लगेच परत आली, जागेवर उभी राहिली आणि पुढचा धवला तिने उचलला. एक शब्द चुकला नाही. फक्त मी समोरच बसले होते म्हणून मला दिसलं, तिच्या उजव्या हाताची बाही कोपरापर्यंत भिजली होती, बांगड्यांतून पाणी ठिबकत होतं, आणि सगळ्यांचे हात पिवळे असताना तिचा तळहात स्वच्छ धुतलेला होता. या वेळी ती हाताकडे बघत नव्हती.

संध्याकाळी खाली डीजे सुरू झाल्यावर तिने मला वर नेलं. चंपा पेंढ्यावर होती, मान पंखाखाली नीट घडी घालून ठेवलेली, पिसं अंगाला चिकटलेली, इतकी लहान दिसत होती! "कुनाला सांगू नको. मंगलकार्य हाय," मावशी म्हणाली. मी तिच्यावरच खेकसले, "आणि तू तशीच गात राहिलीस?" ती म्हणाली, "मग कं करू? नातवाची हलद अर्धी सोडू?" लग्न होऊन नवरी घरात आल्यावर तिने ते सांगितलं. किशोर खाली बसला. डोक्याला हात लावून मला विचारत राहिला, "ताई, पण बदक कधी बुडतं का गं?" तो खरोखर विचारत होता.  उत्तर त्याला डॉक्टरने एकदा दिलंच होतं, माझ्या तोंडून, पंगतीत.

त्यानंतर मावशी गायली नाही. आवतण घेऊन बाया येतात, ती त्यांना चहा देते, "गला बसला गो," म्हणते आणि भिंतीला धरून आत जाते. लोक म्हणतात, वय झालं. घरात आता सगळीकडे रबरी चटया आल्या आहेत, आई पडेल म्हणून. मुलांनी स्वतः जाऊन आणल्या. त्या चटयांवरून ती चालत नाही, कडेच्या उघड्या मार्बलवरून चालते. मी तिला रागावते. ती ऐकत नाही.

पण तिच्या आवाजाला सुट्टी नाही. लग्नाच्या शूटिंगवाल्याने त्या दुपारचा धवला सगळा टिपून ठेवला होता. आता गावात कुणाकडेही हळद असली की तोच मोबाइलवरून स्पीकरला जोडतात, आणि यमुनाबाईंचा आवाज काय लागलाय, असं एकमेकांना सांगतात. त्या आवाजाच्या मधोमध एक थांबा आहे. थांब्यानंतरचा भाग मी ऐकू शकते, त्यात निदान तिला सगळं ठाऊक आहे. लोक मात्र पुन्हा पुन्हा पहिलाच भाग लावतात, कारण त्यात ती हसते आहे; त्याच घटकेला वर गच्चीवर चंपा भरलेल्या टबात आहे, हे त्यांना ठाऊक नाही. तो भाग सुरू झाला की मावशी उठते आणि रस्त्याकडची खिडकी लावून घेते. काचेतून आवाज येतच राहतो, आनंदाने भरलेला, आणि कोणीतरी त्याला मध्येच थांबवून तिला वर गच्चीवर पाठवावं असं मला प्रत्येक वेळी वाटतं.